दोन घड्याळे, दोन आकडे: खरा कोणता?

मुलांनो, हल्ली तुमच्या आईबाबांच्या आणि तुमच्यापैकीही काहींच्या मनगटावर एक निराळेच घड्याळ असते. ते वेळ तर दाखवतेच, शिवाय आपण किती पावले चाललो, किती अंतर गेलो, हृदयाचे किती ठोके पडले, किती कॅलरी खर्च झाल्या हेही सांगते. त्याला फिटनेस ट्रॅकर म्हणतात. आपण या लेखात त्याला नुसते ‘घड्याळ’ म्हणू या.

आता अशी कल्पना करा, की आईने नवे घड्याळ घेतले. जुने अजून चालते आहे, म्हणून तिने जुने डाव्या हाताला आणि नवे उजव्या हाताला बांधले. दोन्हींत आपले वय, उंची आणि वजन सारखेच भरले आणि ती पार्कमध्ये तासभर भरभर चालून आली. घरी येऊन पाहते तो काय!

पावले: जुने ६,४८०, नवे ६,९१०
अंतर: जुने ४.८ कि.मी., नवे ५.१ कि.मी.
हृदयाचे सरासरी ठोके (दर मिनिटाला): जुने १०४, नवे ११२
कॅलरी: जुने १८०, नवे २४०
व्यायामाची मिनिटे: जुने २२, नवे ५५

आई एकच, पार्क एकच, तासही एकच. मग आकडे दोन का? आणि यातला खरा कोणता?

ही नुसती गमतीची गोष्ट नाही, बरं का. या आकड्यांवरून भावाबहिणींत भांडणे होतात. मैत्रिणीची पावले जास्त दिसली की ‘मी आळशी आहे’ असे एखाद्या मुलीला वाटू लागते. एखादे आजोबा आकडा पाहून उगीच घाबरतात, तर दुसरे कोणी छातीत दुखत असतानाही ‘घड्याळात सगळे ठीक दिसते आहे’ म्हणून गप्प बसतात. तेव्हा हा आकडा येतो कुठून ते नीट समजून घेऊ या.

आधी आपणच मोजू या

एका हाताची दोन बोटे दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलकेच ठेवा. टिक् टिक् असे काही जाणवते का? ती तुमची नाडी. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते आणि घोटाळा होतो.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून १५ सेकंद ठोके मोजा आणि त्या संख्येला ४ ने गुणा. समजा, तुम्ही १९ मोजलेत. १९ गुणिले ४ म्हणजे ७६. शेजारी बसलेल्या ताईने तुमचीच नाडी मोजली आणि अगदी शेवटचा ठोका तिने धरला, म्हणून तिचे २० झाले. २० गुणिले ४ म्हणजे ८०. तुमचे हृदय एकच, पण आकडे दोन! दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. पूर्ण एक मिनिट मोजले असते तर हा फरक चारचा न राहता एखाद्या ठोक्याचा राहिला असता.

म्हणजे आकडा कसा मोजला, किती वेळ मोजला आणि शेवटचा ठोका धरला की सोडला, यावर उत्तर अवलंबून असते. घड्याळांचे अगदी असेच होते. फक्त त्यांची मोजण्याची पद्धत आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

नाडी आणि घड्याळ यांची जोडी जुनी आहे. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे खास घड्याळ बनवून घेतले होते आणि १७०७ साली त्याविषयी पुस्तकही लिहिले. त्या वेळी बोटे डॉक्टरांची असत आणि घड्याळ फक्त वेळ सांगे. आता घड्याळानेच बोटांचे काम अंगावर घेतले आहे.

हिरवा दिवा काय पाहतो?

घड्याळ काढून उलटे करून पाहा. बहुतेक घड्याळांच्या पाठीवर छोटे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. हिरवेच का? रक्त लाल दिसते, कारण ते लाल प्रकाश परत पाठवते आणि हिरवा प्रकाश पुष्कळसा शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर जास्त रक्त येते. त्या क्षणी हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त कमी असते, तेव्हा प्रकाश थोडा जास्त परत येतो. दिव्याशेजारचा सेन्सर हा परत आलेला प्रकाश पाहत असतो. प्रकाश कमी, जास्त, कमी, जास्त अशी एक लाट तयार होते. त्या लाटेचे शेंडे मोजले की ठोके मोजल्यासारखे होते.

लक्षात आले ना? घड्याळ हृदयापर्यंत पोचतच नाही. ते फक्त मनगटातल्या उजेडाची लाट पाहते आणि त्यावरून हृदयाविषयी अंदाज करते.

दवाखान्यातल्या ईसीजीची तऱ्हा वेगळी. हृदय आकुंचन पावते तेव्हा अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते, ती वीज ईसीजीचे यंत्र छातीवरून टिपते. हे यंत्र घडवणारे विलेम आइंथोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धावपटू छातीला जो पट्टा बांधतात तोही याच विजेवर चालतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली असा बिनतारी पट्टा बाजारात आणला. वीज थेट हृदयाची असते, म्हणून धावताना छातीचा पट्टा मनगटावरच्या दिव्यापेक्षा सहसा जास्त भरवशाचा असतो. काही नव्या घड्याळांत ईसीजीची सोयही असते, पण त्यासाठी स्वस्थ बसून घड्याळाला दुसऱ्या हाताचे बोट लावावे लागते. ती सोय २२ वर्षांखालील मुलांसाठी नाही, असे काही कंपन्या स्वतःच सांगतात.

डाळ तीच, आमटी वेगळी

आता तुम्ही विचाराल, की सगळी घड्याळे उजेडाची लाटच पाहतात, तर उत्तर एकच का येत नाही?

कारण ती लाट स्वच्छ नसते. हात हलला की घड्याळ त्वचेवर किंचित सरकते, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि लाटेत गोंधळ मिसळतो. तो गोंधळ गाळून टाकण्याचे काम घड्याळातल्या संगणकाला करावे लागते. कोणता शेंडा खरा धरायचा, कोणता सोडायचा, किती सेकंदांची सरासरी काढायची, हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. तूरडाळ तीच असली तरी प्रत्येक घरच्या आमटीची चव वेगळी असते ना, तसेच हे. त्यातून बहुतेक कंपन्या आपली ‘पाककृती’ पूर्ण सांगत नाहीत!

सरासरीचा एक परिणाम पाहा. तुम्ही बस पकडायला एकदम धावलात. हृदय लगेच धडधडू लागले, पण घड्याळ आधीचे काही सेकंदही सरासरीत धरते. त्यामुळे ते थोडा वेळ जुनाच, कमी आकडा दाखवते. तुम्ही बसमध्ये जाऊन बसता, श्वास शांत होऊ लागतो, तेव्हा घड्याळावर मोठा आकडा येतो! छोट्या छोट्या धावांच्या खेळात हा उशीर जास्त जाणवतो.

दुसरी गंमत तालाची आहे. भजनात कोणी चुकीच्या लयीत जोरजोरात टाळ्या वाजवू लागले की आपलाही ताल चुकतो. घड्याळाचेही तसे होते. धावताना तुमची पावले मिनिटाला १६५ पडत आहेत आणि हृदयाचे ठोके १४० आहेत असे समजा. प्रत्येक पावलाबरोबर घड्याळाला हिसका बसतो आणि कधी कधी ते पावलांचा तालच ठोके समजून बसते. मग आकडा दिसतो १६५. धावताना ठोके आणि पावले यांचे आकडे अगदी सारखे दिसू लागले, तर हा घोटाळा झाला असण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट म्हणजे घड्याळे मोजतात कधी? काही दिवसभर सतत मोजतात. काही बॅटरी वाचवण्यासाठी मधूनमधून मोजतात आणि व्यायाम सुरू केल्याचे सांगितले की मगच सतत मोजू लागतात. ‘विश्रांतीचे ठोके’ हा आकडासुद्धा सगळ्यांचा सारखा नसतो. काही घड्याळे त्यात झोपेतले ठोके धरतात, काही फक्त जागेपणीचे. झोपेत ठोके कमी असतात. त्यामुळे एकाच माणसाला एक घड्याळ ५८ सांगेल आणि दुसरे ६४ सांगेल, आणि दोन्ही आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतील.

थंडी, सैल पट्टा आणि त्वचेचा रंग

आपण इंग्लंडमध्ये राहतो, तेव्हा थंडीचा विचार करायलाच हवा. जानेवारीत हात गार पडतात, कारण अंगातली ऊब राखण्यासाठी शरीर त्वचेकडे जाणारे रक्त कमी करते. मनगटात रक्त कमी म्हणजे उजेडाची लाट बारीक आणि मोजणी अवघड. म्हणून थंडीत बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटे आकडे विचित्र दिसू शकतात. पट्टा सैल असेल, घड्याळ मनगटाच्या हाडावरच बसले असेल, खाली गोंदण असेल किंवा बांगड्यांनी घड्याळ सारखे ढकलले जात असेल, तरीही मोजणी बिघडते. व्यायामाच्या वेळी घड्याळ हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतेल असे बांधावे.

त्वचेच्या रंगाबद्दल पालकांनी जरा लक्ष देऊन वाचावे. आपल्या सावळ्या रंगाला कारण असलेले मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषून घेते. मग सावळ्या माणसांच्या मनगटावर घड्याळे जास्त चुकतात का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ सालच्या अभ्यासात त्वचा गडद असेल तर चूक जास्त आढळली. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात मात्र त्वचेच्या रंगामुळे ठळक फरक दिसला नाही. तिथे घड्याळा-घड्याळांत फरक दिसला, आणि स्वस्थ बसलेले असताना जेवढी चूक होते त्याहून हालचालीच्या वेळी ती सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे ठोक्यांच्या बाबतीत हा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रांबाबत मात्र चित्र जास्त स्पष्ट आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन खरा असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०२० साली पुन्हा ठळकपणे पुढे आले. ब्रिटनमध्ये मार्गारेट व्हाइटहेड यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या चौकशीचा अहवाल मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही या यंत्रांच्या बाबतीत सावधगिरी बाळगायला सांगितले आहे. घरात कोणाला धाप लागली असेल, तर ‘ऑक्सिजन ९५ दिसतो आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. माणसाकडे पाहावे.

पावले: हात हलला की पाऊल?

घड्याळ पायात नसते, हातात असते. मग त्याला पावले कशी कळतात? त्याच्यात अ‍ॅक्सिलरोमीटर नावाचा इवलासा भाग असतो. हालचाल कोणत्या दिशेला आणि किती जोराने झाली हे तो टिपतो. चालताना हात एका ठरावीक लयीत मागेपुढे होतात. ती लय दिसली की घड्याळ पावले मोजू लागते.

इथेच फसगत होते. आई सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत अर्धा तास फिरली, पण तिचे हात दांडीवर स्थिर होते. त्यामुळे कितीतरी पावले हिशेबात आलीच नाहीत. बाबा बाळाची बाबागाडी ढकलतात तेव्हाही तसेच. उलट, आजीने एका जागी उभे राहून वीस पोळ्या लाटल्या, दादाने बसल्या जागी तबला वाजवला, की घड्याळात पावले वाढलेली दिसतात! लेझीम खेळताना तर पायांपेक्षा हातांचीच गडबड जास्त. उगीच हात हलला आणि पाऊल मोजले असे होऊ नये म्हणून काही घड्याळे सलग आठ-दहा पावले पडेपर्यंत वाट पाहतात आणि मगच मोजायला लागतात. काही लगेच मोजतात. घरातल्या घरात चार पावले इकडे, पाच पावले तिकडे असे दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत या एका नियमानेसुद्धा दोन घड्याळांत मोठा फरक पडतो.

शिवाय घड्याळ कोणत्या हाताला आहे? आपण उजव्या हाताने जास्त कामे करतो, म्हणून काही घड्याळे ‘कोणत्या हाताला बांधणार?’ असे सुरुवातीला विचारतात. आपल्या गोष्टीतल्या आईच्या नव्या घड्याळात पावले जास्त दिसली, त्याचे एक कारण हेही असेल.

आणि हो, दिवसाला १०,००० पावले हवीतच, हा आकडा कुठून आला माहीत आहे का? १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीने पावले मोजणारे एक यंत्र विकायला काढले. त्याचे नाव होते ‘मानपो-केइ’, म्हणजे ‘दहा हजार पावले मोजणारे’. जाहिरातीसाठी आकडा छान गोल होता, तो जगभर रूढ झाला. आधी शास्त्रज्ञांनी मोजून ठरवला आणि मग यंत्र आले, असे घडलेले नाही. तेव्हा ९,४०० पावले झाली म्हणून रात्री अंथरुणाभोवती फेऱ्या मारायची गरज नाही.

अंतर: वर उपग्रह, खाली आपण

आपल्यापैकी काही कुटुंबे शनिवारी सकाळी पार्करनला जातात. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी हा उपक्रम सुरू केला. अंतर ५ किलोमीटर. मुलांसाठी रविवारी २ किलोमीटरची वेगळी धाव असते. धाव संपली की सगळे मनगटाकडे पाहतात. कोणाचे ४.९३ भरते, कोणाचे ५.०८. आणि मग ‘मार्ग चुकीचा मोजला आहे’ अशी कुजबुज सुरू होते!

घड्याळ अंतर मोजते ते जीपीएसच्या साहाय्याने. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. त्यांच्याकडून आलेला संदेश किती वेळात पोचला यावरून घड्याळ आपली जागा ठरवते. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, धावतो. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होईल. इतक्या बारकाईने हिशेब करूनही मनगटावरच्या घड्याळाची जागा काही मीटरने चुकतेच. उंच इमारतींवरून किंवा ओल्या दाट झाडीतून संदेश आपटत, अडखळत आला की जास्तच चुकते.

आता ठिपके जोडून चित्र काढण्याचा खेळ आठवा. घड्याळ असेच ठिपके जोडत जाते. ठिपके थोडे इकडे तिकडे पडले तर सरळ रेघ नागमोडी होते आणि अंतर वाढते. ठिपके फार लांब लांब घेतले तर वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. काही घड्याळे दर सेकंदाला ठिपका घेतात, काही बॅटरी वाचवण्यासाठी कमी घेतात.

मोठ्या शर्यतीत तर घड्याळाने जास्त अंतर दाखवणे स्वाभाविकच असते. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. तिचा मार्ग खास यंत्र लावलेल्या सायकलने, प्रत्येक वळणावर शक्य तेवढ्या जवळच्या रेषेवरून मोजतात. मार्ग कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक एवढी, म्हणजे सुमारे ४२ मीटरची, भर घालतात. हजारोंच्या गर्दीत त्या रेषेवरून कोण धावू शकणार? त्यामुळे प्रत्येक जण थोडे जास्तच धावतो.

कॅलरी: सर्वांत मोठा अंदाज

ठोक्यांसाठी निदान उजेड तरी पाहता येतो. कॅलरी पाहणारा सेन्सर घड्याळात नाहीच! शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे नीट मोजायचे तर तोंडावर मुखवटा लावून आपण किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजावे लागते. घड्याळ वय, वजन, उंची, ठोके आणि हालचाल एकत्र करून सूत्रात घालते आणि उत्तर सांगते.

वर सांगितलेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६० माणसांवर ७ घड्याळे तपासली होती. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक ५ टक्क्यांहून कमी निघाली. हे चांगलेच म्हणायचे. पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या घड्याळाची चूकही सरासरी २७ टक्के होती, आणि सर्वांत वाईट घड्याळाची ९३ टक्के! ती घड्याळे आता जुनी झाली. पण मुखवट्याशिवाय नुसत्या सूत्रावर काढलेली कॅलरी म्हणजे अंदाज, हे आजही तितकेच खरे आहे.

त्यात ‘कॅलरी’ म्हणजे काय, यावरही एकमत नाही. आपण नुसते बसलो तरी श्वास, हृदय, मेंदू यांचे काम चालू असतेच. बसलेल्या मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी लागते. आईचे वजन ६० किलो धरले, तर नुसते बसून तासाला ६०. भरभर चालताना साधारण चौपट लागते, म्हणजे २४०. नव्या घड्याळाने सगळा खर्च सांगितला, २४०. जुन्याने ‘बसून झालाच असता तो ६० वजा करू, चालल्यामुळे जास्त झाला तेवढाच सांगू’ असे ठरवले आणि दाखवले १८०. दोघांचे गणित बरोबर आहे, प्रश्न वेगवेगळे आहेत.

मुलांनो, यातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. गंमत म्हणून तुम्ही बाबांचे घड्याळ बांधून खेळायला गेलात, तर घड्याळाला वाटते की चाळीस वर्षांचा, पंचाहत्तर किलोचा माणूस उड्या मारतो आहे! ते बाबांच्या कॅलरी दाखवणार, तुमच्या नव्हे. आणि वाढत्या वयातल्या मुलामुलींनी किती खावे हे मनगटावरच्या कॅलरी पाहून ठरवूच नये. भूक लागली की जेवावे.

‘व्यायामाची मिनिटे’ कोण ठरवते?

आता शेवटचा आणि सर्वांत मोठा फरक: २२ मिनिटे आणि ५५ मिनिटे. हे कसे?

पुष्कळ घड्याळे आधी तुमच्या हृदयाचे जास्तीत जास्त ठोके किती असतील याचा अंदाज बांधतात. जुने सूत्र आहे २२० वजा वय. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दुसरे सूत्र सुचवले: २०८ वजा वयाचा ०.७ पट. ४० वर्षांच्या आईसाठी दोन्ही सूत्रांनी १८० येतात. ७० वर्षांच्या आजीसाठी मात्र एकाने १५० आणि दुसऱ्याने १५९. ही सूत्रे सरासरीची आहेत, एकेका माणसाचा खरा आकडा त्याहून पुष्कळ कमी-जास्त असू शकतो. आणि ती मोठ्या माणसांसाठी बनवलेली आहेत, मुलांसाठी नव्हेत.

नंतर घड्याळ एक रेघ मारते. हिच्या वर ठोके गेले तरच व्यायाम! समजा, नव्या घड्याळाने १८० च्या निम्म्यावर, म्हणजे ९० वर, रेघ मारली. आईचे ठोके जवळजवळ सगळा तास ९० च्या वरच होते, म्हणून ५५ मिनिटे मिळाली. जुन्याने १८० च्या ६० टक्क्यांवर, म्हणजे १०८ वर, रेघ मारली. आईचे ठोके १०८ च्या आसपास खाली-वर होत राहिले, म्हणून २२ च मिनिटे मिळाली. काही घड्याळे तर जोराच्या व्यायामाचे एक मिनिट दोन मिनिटे धरतात. परीक्षेत एका गुरुजींनी पास व्हायला ३५ गुण ठेवले आणि दुसऱ्यांनी ५०, तसाच हा प्रकार.

आजीआजोबांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या पुष्कळ जणांना बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या दिलेल्या असतात. त्या गोळ्या हृदयाचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. असे आजोबा रोज इमाने इतबारे तासभर चालतात, पण ठोके रेघेच्या वर जातच नाहीत आणि घड्याळ म्हणते, व्यायाम शून्य! आजोबा खट्टू होतात, किंवा आकडा वाढवण्यासाठी अंगाबाहेरचा जोर लावतात. दोन्ही वाईटच. त्यांच्यासाठी साधी कसोटी अशी: चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागला की व्यायाम पुरेसा होतो आहे. किती जोर करावा हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

मग घड्याळ कपाटात टाकायचे का?

मुळीच नाही. घड्याळाचा खरा उपयोग आहे, फक्त तो ओळखून करायला हवा. घड्याळ रोज थोडेसे चुकत असले, तरी बहुधा साधारण एकाच रीतीने चुकते. त्यामुळे गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात मी जास्त चाललो का, महिनाभर रोज चालल्यावर माझे विश्रांतीचे ठोके कमी झाले का, हे ते चांगले सांगते. त्यासाठी एकच घड्याळ, एकाच हाताला, एकाच पद्धतीने बांधावे आणि तुलना स्वतःच्याच कालच्या आकड्याशी करावी. माझे १०,००० आणि तुझे ८,००० ही तुलना, तीही दोन वेगळ्या कंपन्यांच्या घड्याळांवरून, मुळातच फसवी आहे.

पालकांना दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे आणि मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. मूल तासभर मैदानावर घामाघूम होऊन आले असेल, तर घड्याळात काहीही दिसो, त्याचा व्यायाम झाला आहे. घड्याळाने ठोके अनियमित असल्याची सूचना वारंवार दिली, तर घाबरून न जाता, पण हयगयही न करता डॉक्टरांना दाखवावे. आणि छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे असे काही झाले, तर मनगटाकडे न पाहता ९९९ ला फोन करावा.

करून पाहा

१. स्वस्थ बसून पूर्ण एक मिनिट बोटांनी नाडी मोजा. त्याच वेळी घड्याळातला आकडा दुसऱ्या कोणाला लिहून घ्यायला सांगा. मग एक मिनिट जागच्या जागी उड्या मारा आणि लगेच दोन्ही आकडे पुन्हा घ्या. फरक कधी जास्त होता?

२. पट्टा सैल ठेवून एकदा आणि बोटभर वर घट्ट बांधून एकदा, असे शंभर पावले चाला. पावले मनातल्या मनात, मराठीत मोजायची! एकोणऐंशीनंतर कोण अडखळते ते पाहू या.

३. आईला किंवा आजीला विचारून पोळ्या लाटण्याआधी आणि नंतर घड्याळातली पावले लिहून ठेवा.

४. ४०० मीटरच्या धावपट्टीवर सर्वांत आतल्या रांगेतून एक फेरी मारा. घड्याळ किती मीटर सांगते?

आकडे कागदावर लिहून पुढच्या वर्गाला घेऊन या. आपण फळ्यावर मोठा तक्ता करू आणि कोणते घड्याळ कुठे फसले ते सगळे मिळून शोधू.

शब्द ओळखीचे करू या

मनगट: हाताचा पंजा जिथे सुरू होतो तो सांधा.
ठोका: हृदयाची एक धडक. अनेक असले की ठोके.
अंदाज: पुरते न मोजता, असलेल्या माहितीवरून बांधलेला आकडा.
सरासरी: सगळे आकडे मिळवून, जितके आकडे तितक्यांनी भागल्यावर येणारी संख्या.
हयगय: निष्काळजीपणा, दुर्लक्ष.
नाडी: मनगटाशी जाणवणारी रक्ताची धडधड. ‘नाडी ओळखणे’ असा वाक्प्रचारही आहे. त्याचा अर्थ एखाद्याचा स्वभाव किंवा दुखणे नेमके जाणणे. ‘आजीने माझी नाडी बरोबर ओळखली’ असे आपण म्हणतो. या वाक्प्रचाराचा उपयोग करून तुम्हीही एक वाक्य लिहून आणा.